नऊ नंबरचा पाय

जूनचा दुसरा आठवडा. पुण्यात असतो तर माळ्यावरून छत्र्या काढल्या असत्या. ताईच्या घरी, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनमध्ये, सकाळी पडदा सारला की आभाळ अगदी तसंच दिसायचं. करडं, खाली वाकलेलं, आत्ता कोसळतंय की मग असं. पहिल्या दिवशी मी सवयीने मागच्या अंगणातले कपडे गोळा करून आत आणले. ताई हसली. "अरे, ते नुसतं दाखवायला असतं. अकराला जातं." खरंच अकराला गेलं. थंड समुद्रावर साचणारा तो ढग दुपारपर्यंत विरतो. तिकडचे लोक त्याला 'जून ग्लूम' म्हणतात.

ताईने माझी यात्रा आखून ठेवली होती. डिस्नेलँड, युनिव्हर्सल, सॅन डिएगो, मग ग्रँड कॅन्यन. कॅलिफोर्नियात आलेल्या पुणेकराला या चार धामांतून सुटका नसते. पण डिस्नेलँडच्या दिवशी मी गेलो एका बूटकंपनीच्या मुख्यालयात, आणि त्याला कारण माझा भाचा.

भाचा सोळा वर्षांचा. स्केटबोर्ड खेळतो. ताई स्केटबोर्डला 'ती फळी' म्हणते. 'ती फळी दारातून उचल', 'ती फळी आणि तुझे गुडघे', असं. भाच्याने सहा महिन्यांपूर्वी आपले व्हिडिओ या कंपनीला पाठवले होते; कंपनी नव्या बुटांच्या चाचणीसाठी खेळणारी पोरं शोधत होती. उत्तर आलं त्यात व्हिडिओबद्दल एक ओळ आणि बाकी सगळं पावलाबद्दल. नंबर किती, रुंदी किती, डावं-उजवं सारखं आहे का. बूट पहिल्यांदा तयार होतो तेव्हा सगळ्या नंबरांत करत नाहीत. एकाच नंबरात करतात, आणि पुरुषांच्या बुटात तो बहुतेक ठिकाणी अमेरिकन नऊ असतो. आपल्याकडच्या हिशोबात आठ. खेळ कितीही देखणा असो, पाय दहा नंबरचा असेल तर त्या फेरीत तुमचा उपयोग नाही. भाच्याचा पाय बरोब्बर नऊ. अठरा पूर्ण नसल्यामुळे बरोबर मोठं माणूस हवं होतं. ताई आणि दाजी दोघांनाही ऑफिस. उरला मामा.

मामाची हरकत नव्हतीच. मी भोसरीच्या एमआयडीसीत रबराचं काम करतो. गॅस्केट, बुश, ग्रोमेट, दुचाकीच्या फूटरेस्टचं रबर. सव्वीस वर्षं झाली. रबरवाल्या माणसाला कुठेही न्या, वस्तू हातात आली की तो आधी अंगठ्याने दाबतो आणि मग नाकाला लावतो. निघताना भाच्याने बजावलं, "मामा, प्लीज, तिथे कुणाच्या बुटाचा वास घेऊ नकोस."

गाडी त्यानेच चालवली. ज्याला मी मांडीवर घेऊन भुर्र केलं होतं, तो मला चारशेपाच नंबरच्या फ्रीवेवरून नेतोय, आणि मी दरवाजावरची मूठ घट्ट धरून उगाच पाय दाबतोय, जणू ब्रेक माझ्याच बाजूला आहे. कडेला नीलमोहर फुलला होता. तिकडे जॅकरांडा म्हणतात. फुटपाथ जांभळा झालेला, आणि वर तो करडा ढग.

या भागाचं आणि बुटांचं नातं जुनं आहे. अर्व्हाइनच्या जवळच अनाहाइम आहे, डिस्नेलँडचं गाव. तिथे १६ मार्च १९६६ रोजी पॉल व्हॅन डोरेन या माणसाने भाऊ आणि आणखी दोन भागीदार घेऊन कारखाना काढला. नाव 'व्हॅन डोरेन रबर कंपनी'. नावातच रबर, त्यामुळे वाचतानाच मला तो आपला माणूस वाटला. आठवीत शाळा सोडलेला, मॅसॅच्युसेट्समधल्या एका बूटकारखान्यात तळापासून वर चढलेला, आणि त्याच कंपनीचं कॅलिफोर्नियातलं बिघडलेलं युनिट ताळ्यावर आणायला पाठवलेला. मागे कारखाना, पुढे दुकान. पहिल्या दिवशी डझनभर गिऱ्हाइकं आली तर विकायला तयार माल नाही, नुसते नमुने मांडलेले. सकाळी मापं आणि रंग लिहून घेतले, बूट त्याच दिवशी करून दुपारी हातात दिले. गल्ल्यात सुटे नव्हते. पैसे उद्या द्या म्हणाले, आणि लोकांनी दुसऱ्या दिवशी आणून दिले असं सांगतात. पुढे 'व्हॅन्स' म्हणून जग ओळखू लागलं ती हीच कंपनी.

मला त्यातली तळाची गोष्ट आवडते. पहिल्यांदा तळावर सगळीकडे शंकरपाळ्यासारखे चौकोन होते. पाऊल जिथे मुडपतं तिथे ते चिरायला लागले. मग चवड्याखाली मधेमधे सरळ रेघा भरल्या आणि चिरणं थांबलं. सगळ्या फोटोंत दिसणारी ती नक्षी म्हणजे मुळात एका कारखानदाराची डोकेदुखी मिटवण्याची युक्ती. आमच्याकडेही अशा बऱ्याच युक्त्या आहेत, फक्त त्यांचे कुणी फोटो काढत नाही.

बूट स्केटबोर्डसाठी केलेले नव्हते. पण तळ जाड, रबर चिकट, फळीवर पाय धरून ठेवणारं; पोरांनी ते आपले आपण उचलले. १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला. श्रीमंतांच्या घरामागचे पोहण्याचे तलाव कोरडे झाले, आणि पोरं कुंपणावरून उड्या मारून त्या रिकाम्या, गोल भिंतींच्या खड्ड्यांत फळ्या घेऊन उतरली. त्यातल्याच टोनी अल्वा आणि स्टेसी पेराल्टा या दोघांचं ऐकून कंपनीने १९७६ मध्ये घोट्याजवळ गादी घातलेला बूट काढला. अजून एक गोष्ट. ही पोरं दोन्ही बूट सारखे झिजवायची नाहीत. एक फाटायचा, दुसरा शाबूत. तर त्यांना एकच बूट विकत मिळायचा. एका पायाचा. ही गोष्ट मी गाडीत भाच्याला सांगितली तेव्हा त्याने पहिल्यांदा आदराने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "रस्त्याकडे बघ."

मुख्यालय बाहेरून कुठल्याही गोदामासारखं. दारात एक पानभर मजकुरावर सही करावी लागली. आत दिसलेलं बाहेर सांगायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. म्हणून कंपनीचं नाव इथे येणार नाही आणि बुटाचा रंगही मी सांगणार नाही. आत शिरताच मी खोल श्वास घेतला आणि निराश झालो. वास नव्हता. बूटकंपनी म्हटल्यावर मला गंधकाचा, तापल्या रबराचा तो गोडसर जळका वास अपेक्षित होता, जो सव्वीस वर्षांत माझ्या शर्टांतून धुतला गेलेला नाही. इथे कॉफीचा वास. कुठे बोर्ड टेकवून ठेवलेले, कुणाच्या टेबलाखाली कुत्रं झोपलेलं, एक बाई कॉरिडॉरमधून फळीवर उभ्या उभ्याच मीटिंगला निघालेल्या. बूट इथे बनत नाही, इथे फक्त ठरतो. व्हॅन्सनेसुद्धा अमेरिकेतला आपला कारखाना नव्वदच्या दशकात बंद केला; आता या धंद्यातलं जवळपास सगळं जोडकाम आशियात होतं. नमुने कुरियरने येतात. मागे कारखाना, पुढे दुकान ही रचना गेली, आणि दोन्हींच्या मधे एक समुद्र आला.

आमची गाठ पडली ती एका तिशीतल्या इंजिनिअर बाईशी. हातावर पुसट खरचटल्याच्या खुणा, म्हणजे ही नुसती कागदावरची नव्हे. तिने खोका उघडून भाच्यापुढे जोड ठेवला. मी पुढे झालो आणि अंगठा दाबलाच. "पंचावन्न ते साठ शोअर," मी म्हणालो. तिने भुवया उंचावल्या. "डावा अठ्ठावन्न. उजवा पुन्हा दाबून बघा." दाबला. उजवा किंचित कडक होता. एकाच जोडातले दोन बूट दोन वेगवेगळ्या कंपाउंडचे. दिसायला जुळे, आतून सावत्र. म्हणजे एकच मुलगा, एकच जमीन, एकच दिवस, आणि दोन रबरांची तुलना थेट.

इथे माझ्यातला भोसरीकर जागा झाला. मी म्हटलं, बाई, यात एक घोटाळा आहे. याचा डावा पाय कायम पुढे असतो. पुढच्या पायाचं काम वेगळं, मागच्याचं वेगळं, झीजही वेगळी. मग डावा आधी फाटला तर दोष रबराचा की पायाचा, हे कळणार कसं? भाच्याने डोळे मिटून घेतले. बाईंनी काही न बोलता टेबलाखालून दुसरा खोका काढला. त्यात तोच जोड, कंपाउंड मात्र उलटे. एक दिवस हा, एक दिवस तो. मी गप्प बसलो. पण खरं सांगतो, बरं वाटलं. आपल्याला पडलेला प्रश्न कुणाला तरी आधीच पडलेला असावा, यात एक वेगळंच समाधान असतं.

त्यानंतर बाई माझ्याशीही बोलू लागल्या. शेजारच्या खोलीत त्यांनी एक यंत्र दाखवलं आणि मी जवळजवळ ओरडलो, कारण तसंच यंत्र माझ्याकडे आहे. आडवा ड्रम, त्यावर पॉलिश पेपरसारखं खरखरीत कापड, त्यावर १६ मिलिमीटर व्यासाचा रबराचा तुकडा एक किलोच्या दाबाने धरायचा, ४० मीटर घासायचा आणि किती घन मिलिमीटर रबर गेलं ते काढायचं. आमच्याकडे आकडा जितका कमी तितकं गिऱ्हाईक खूश. इथे गणित तिरकं आहे. कडक, न झिजणारं रबर फळीला नीट धरत नाही. धरणारं रबर झिजतं. दोन्ही एकत्र हवं म्हणणारा मुलगा अजून सोळा वर्षांचाच आहे, असं त्या म्हणाल्या.

धरणं आणि झिजणं यांतलं भांडण समजायला फळी पाहावी लागते. फळीच्या वरच्या अंगाला काळा खरखरीत कागद चिकटवलेला असतो, सिलिकॉन कार्बाइडचे कण लावलेला. आपण लोखंड घासायला वापरतो त्या जातीचा. 'ऑली' नावाची उडी अशी : मागच्या पायाने फळीची शेपटी जमिनीवर आपटायची, फळी पुढून उठते, आणि त्याच क्षणी पुढच्या पायाची बाहेरची कड, करंगळीच्या बाजूची, त्या खरखरीत कागदावरून वर ओढत न्यायची. पायाने ओढलेली फळी पायाबरोबर हवेत येते. हात लावायचा नाही. ही युक्ती फ्लोरिडातल्या अॅलन गेलफंडने १९७८ च्या सुमारास खड्ड्याच्या भिंतीवर काढली ('ऑली' हे त्याचं टोपणनाव), आणि रॉडनी मलनने पुढे ती सपाट जमिनीवर आणली. आजचा रस्त्यावरचा सगळा खेळ त्या एका ओढीवर उभा आहे. म्हणजे खेळाचा पाया असा की बुटाचं कातडं पॉलिश पेपरवर घासायचं. दिवसाला शंभर वेळा.

त्यामुळे या बुटाला भोक पडणार हे ठरलेलंच. ते करंगळीपाशीच पडणार हेही ठरलेलं. प्रश्न फक्त कितव्या दिवशी आणि कसं. बाईंनी फाटक्या बुटांचं कपाट उघडलं. आजवरच्या चाचण्यांतले जोड रांगेने ठेवलेले, प्रत्येकाला चिठ्ठी. एकेक उचलून त्या वाचत होत्या, वैद्याने नाडी बघावी तशा. हा मुलगा फळी फार फिरवतो, बघा, भोक टोकाकडे आहे. हा थांबायला टाच घासतो. ही कडेची रबरी पट्टी सुटली, कारण चिकटवण्याआधी कातडं नीट खरवडलं नव्हतं. नाडा तुटला, म्हणून पुढच्या जोडात नाड्याची भोकं थोडी आत घेतली. एका बुटात वरचं कातडं गेलं होतं आणि खाली दडवलेला रबराचा थर वर आला होता. तो जाणूनबुजून घातलेला. कातडं गेल्यावरही पोराचे आणखी दोन आठवडे निघावेत म्हणून. फाटायचंच असेल तर बेताबेताने फाटावं, याची इतकी काळजी मी कुठल्याच कारखान्यात पाहिली नव्हती. माझ्या धंद्यात फाटलेला तुकडा परत आला की पहिला प्रश्न असतो, चूक कुणाची.

कपाटाच्या वरच्या फळीवर एक जुना पांढरा कॅनव्हासचा बूट होता, केवळ शोभेला. मला तो ओळखीचा वाटला, आणि मग लक्षात आलं. शनिवारी पीटीला लागायचे ते बूट. वर कॅनव्हास, खाली रबर, भोवती रबराची पट्टी. रचना तीच. वरचं अंग फर्म्यावर चढवायचं, कच्च्या रबराचा तळ आणि पट्टी चिकटवायची आणि फर्म्यासकट सगळं ऑटोक्लेव्हमध्ये शिजवायचं. गंधक, उष्णता, दाब. चार्ल्स गुडइअरला १८३९ मध्ये सापडलेली हीच किमया, जिचं नाव पंक्चरच्या दुकानांवर 'व्हल्कनायझिंग' असं रंगवलेलं असतं. साच्यातून वाटीसारखा तयार तळ काढून तो शिवायचा, अशीही पद्धत आहे. त्याने टाचेला आराम मिळतो. पण पोरांना बहुतेक वेळा शिजवलेला पातळ तळच हवा असतो, कारण त्यातून फळी कळते.

आमच्या घरी ते पीटीचे बूट शुक्रवारी रात्री ताई धुवायची. तिचे आणि माझेही. ओले असतानाच त्यावर खडू फासायचा आणि खिडकीत ठेवायचे. बूट दोन वर्षं टिकले पाहिजेत हा बाबांचा नियम होता, म्हणून पहिलं वर्ष पुढे कापूस घालून आणि दुसरं वर्ष बोटं मुडपून जायचं.

इमारतीच्या मागे कंपनीचा स्वतःचा छोटा स्केटपार्क आहे. लाकडी उतार, पायऱ्या, लोखंडी कठडा. भाच्याने हेल्मेट चढवलं आणि कोरा करकरीत बूट घालून सगळ्यात आधी पुढच्या बुटाची कड खरखरीत कागदावर दहा वेळा घासली. माझ्या पोटात कालवलं. "नवा आहे म्हणून," तो म्हणाला. "नव्याने पाय अडखळतो." कोल्हापुरी नवी असताना चावते, तसं काहीसं असावं. मग तो खेळू लागला आणि मी बघत राहिलो. फळीचे आवाज बंद जागेत बंदुकीसारखे. एकच उडी सतरा वेळा पडून अठराव्यांदा जमली, तेव्हा बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. काय ते मी विचारलं. अठराव्याबद्दल काहीच नव्हतं. पाचव्या उडीनंतर त्याने खाली वाकून उजवा नाडा सैल केला, तेवढंच टिपलं होतं.

मग त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. "तुमचाही नऊच ना?" आता हा धोका माझ्या लक्षात यायला हवा होता. मला दोन्ही हातांनी कठडा धरवून त्या बुटांत फळीवर उभं केलं. पायाखाली फळी जिवंत होती. घरच्या बुटात जमीन म्हणजे नुसती जमीन असते. इथे फळीची कड, मधला खळगा, खालच्या चाकावरचा एक खडा, सगळं तळपायाला ऐकू येत होतं. ते पातळ रबर का मागतात ते मला तेव्हा पायातून कळलं. काय वाटतंय, बाईंनी विचारलं. मी म्हटलं, उतरवा.

दोन्ही जोड घेऊन घरी आलो. तीन आठवडे, निदान तीस तास, एक दिवसाआड एक जोड. रोज वहीत किती वेळ, कुठली जमीन, कुठल्या उड्या ते लिहायचं आणि चार बाजूंनी फोटो. शेवटी फाटक्या अवस्थेत परत पाठवायचे. सोबत नियमांचा कागद : गोंद लावू नये, टाके घालू नयेत, धुऊ नये. नाडा बदलला तर चालेल. ग्रँड कॅन्यन मी एका दिवसात उरकला आणि बाकीच्या संध्याकाळी लेक फॉरेस्टच्या स्केटपार्कमध्ये कठड्यावर बसून वही लिहिली. अकराव्या दिवशी पुढचं कातडं गेलं. चौदाव्या दिवशी आतला रबराचा थर दिसला, अगदी करंगळीपाशी. आम्ही दोघांनी टाळी दिली. शेजारी बसलेल्या कुणा बाईंना कळेना, पोराचा बूट फाटल्याचा आम्हाला इतका आनंद का होतोय.

विसाव्या दिवशी खोका भरायला बसलो तर दारात बूट नव्हते. कपडे धुण्याच्या खोलीत मिळाले. चारही, रांगेने, शुभ्र नाडे वेगळे काढून पिळून ठेवलेले. ताई म्हणाली, "घाण वास येत होता रे. दारात पाहुणे येतात."

भाचा जमिनीवर बसला. मी नियमांचा कागद उलटला, मागे 'बुटावर झालेले इतर परिणाम' असा रकाना होता. म्हटलं, खरं ते लिहू. तो सांगेल तसं मी लिहीत गेलो. एकदा धुतले. विसावा दिवस. पाणी कोमट. साबण कपड्यांचा, साधा.

"वाळवले कुठे ते विचार तिला," भाचा म्हणाला.

विचारायची गरज पडली नाही. स्वयंपाकघरातून आवाज आला, "सावलीत! उन्हात रबर कडक होतं, इतकं कळतं मला."